मऊ हात

आईचे डोळे गेले त्याच हंगामात लेक दहावीला होती. गेले म्हणजे पुरते गेले नव्हते. सकाळी झोपडीत तिला चूल दिसे, भांडी दिसत, जवळ आलेल्या माणसाचा चेहराही ओळखू येई. पण ऊन वर चढलं आणि मिठागरावर पांढऱ्यावर पांढरं तळपायला लागलं, की तिच्यापुढे नुसता उजेड उभा राही. त्या उजेडात बांध कुठे, वाफा कुठे, नवरा कुठे, काही म्हणता काही कळत नसे, आणि एकदा दिपले की मग आभाळ आलं तरी डोळे दिवसभर निवळत नसत. मिठागरावर म्हातारपणी बऱ्याच जणांचं असं होतं. हिचं म्हातारपण यायला अजून पुष्कळ अवकाश होता, एवढंच.

मिठागरावरचं काम जोडीचं. वाफ्यातलं खारं पाणी आटत आलं की तळाला मीठ धरतं, आणि ते रोज हलवावं लागतं. एक दिवस आळस केला तर त्याचा खडक होतो, मग कुदळीशिवाय निघत नाही. हलवायला लांब दांड्याची लाकडी फळी असते. एकाने मागून दांडा दाबून धरायचा आणि दुसऱ्याने फळीला बांधलेला दोर खांद्यावरून घेऊन पुढे ओढत चालायचं. एकट्या माणसाला फळी हलत नाही. म्हणून मुकादम वाफा देतो तो माणसाला देत नाही, जोडीला देतो. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-भाऊ, कोणीही चालतं. हात चार असले म्हणजे झालं.

आई घरी बसली तसा दोर लेकीकडे आला. उजाडलं की ती बापाबरोबर वाफ्यात उतरे. शाळेची वेळ झाली की पाय धुऊन, गणवेश चढवून सायकल हाणत निघे, आणि संध्याकाळी परतली की पुन्हा दोर. मधल्या वेळात बांधावर बसून पुस्तक उघडी, म्हणून मिठागरावरची माणसं तिला 'मास्तरीण' म्हणत. चिडवत तर होतीच, पण तिच्यासमोर शिव्या देताना जरा आवाज खाली आणत, हेही खरं.

दोर हातात धरायचा तर तळव्याभोवती वेढे घ्यावे लागतात. दोर काथ्याचा, खाऱ्या पाण्याने फुगलेला आणि उन्हाने वाळलेला. सुरुवातीला हात सोलतात. सोललेल्यात खारं पाणी जातं. मग घट्टे धरतात, घट्ट्यांवर घट्टे चढतात, आणि हंगाम निम्म्यावर येईतो तळहात टाचेसारखा होतो. तसा झाला की मग दुखत नाही. मिठागरावर याला हात तयार होणं म्हणतात आणि त्याचा सगळ्यांना आनंदच असतो. मास्तरणीचे हात त्या वर्षी उत्तम तयार झाले होते.

सराव परीक्षेत तिचा पेपर अर्धा कोरा निघाला.

वर्गाच्या बाईंनी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. बाई गणित शिकवत. शिस्तीच्या होत्या, मुलं त्यांना टरकून असत. त्यांनी पेपर पुढे टाकला.

"हे काय आहे?"

"वेळ पुरला नाही बाई."

"बाकीच्यांना पुरतो तो?"

बाईंनी कोरं राहिलेलं एक गणित तोंडी विचारलं. तिने भिंतीकडे बघत बघत सोडवलं. दुसरं विचारलं, तेही सोडवलं. बाईंचा पारा आणखीच चढला.

"येतंय की सगळं! मग लिहायला काय धाड भरली होती?"

"बोटं मिटत नाहीत."

"म्हणजे?"

तिने हात पुढे केला. बाईंनी तो धरला आणि पटकन सोडला. मग स्वतःचीच लाज वाटल्यासारखा पुन्हा धरला. बोटं बाकदार होऊन दोराएवढ्या जागेत थांबली होती, त्यापुढे जात नव्हती. बाईंनी तिच्या हाती पेन दिलं. तिने ते मुठीत धरलं, लहान मूल खडू धरतं तसं, आणि नाव लिहून दाखवलं. अक्षर वाईट नव्हतं. पण तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी अख्खं उत्तर लिहिलं असतं.

रविवारी बाई मिठागरावर आल्या. बसायला देण्यासारखं झोपडीत काही नव्हतं. बापाने मिठाचं टोपलं उलटं घालून त्यावर पोतं अंथरलं आणि स्वतः उन्हात उभा राहिला. त्याचे पाय गुडघ्यापर्यंत भेगाळलेले होते. बाईंची नजर तिकडे जाऊ नये म्हणून तो सारखा एका पायामागे दुसरा लपवत होता. दोन्ही पाय लपवायचे कसे, हे काही त्याला जमलं नाही.

"पोरगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "हातून लिहिलं गेलं तर दहावी सहज निघेल. परीक्षेपर्यंत तिच्या हाताला विश्रांती द्या. तेल लावा, गरम पाण्यात धरा. हात मऊ व्हायला पाहिजेत."

बाप हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण मोठ्या माणसाला एकदम नाही कसं म्हणायचं, म्हणून हसला.

"बाई, मऊ झालेला हात परत मिठात घालता येत नाही. सोलून निघतो. मऊ करायचा म्हणजे तिचा हंगाम गेला. मग दोर कोण धरणार?"

"परीक्षा संपेपर्यंतचा प्रश्न आहे."

"मीठ थांबत नाही ना बाई परीक्षेसाठी."

बाईंना हे माहीत नव्हतं. तेवढ्यात आतून आई म्हणाली, "मी धरते दोर."

"तुला दिसतंय काय, दोर धरतेस?"

"ओढायला डोळे कशाला लागतात? घाण्याच्या बैलाला तर झापडं बांधूनच जुंपतात. तू मागून सांग, मी पुढे चालते."

"आणि खड्ड्यात गेलीस म्हणजे?"

"आजवर तुझ्या मागे चाललेच ना? गेले का खड्ड्यात? नाही म्हणजे, गेलेच, पण मेले तर नाही!"

बाईंना हसू आलं. बापालाही आलं. आणि त्या हसण्यातच ते ठरून गेलं. लेकीला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. तिला मनातून हवं होतं, म्हणूनच म्हणाली असती.

दुसऱ्या दिवसापासून आई दोराला लागली. बाप मागून दांडा दाबी आणि सांगत राही. "सरळ... सरळ... डावीकडे घे... बास. फीर आता." आई मान खाली घालून, आवाजाच्या धाग्याला धरून पुढे जाई. पहिल्या दिवशी ती बांधाला धडकली, दुसऱ्या दिवशी पाटात पाय गेला. नंतर नवऱ्याच्या आवाजावरून तिला वाफा कळायला लागला.

शेजारच्या वाफ्यावर एक जण होता, त्याला सगळे भोंगा म्हणत. त्याला हळू बोलताच येत नसे. त्याने पहिल्याच दिवशी हाळी दिली, "निघाली रे बैलजोडी!" आजूबाजूच्या वाफ्यांवर खसखस पिकली. बापाच्या मानेची शीर ताठ झाली. आईच थांबून आवाजाच्या दिशेने म्हणाली, "बैल चालतो म्हणून त्याला चारा मिळतो बाबा. नुसतं हंबरून मिळत नाही." तेव्हा भोंग्याची बायको इतकी हसली की तिच्या हातचा दोर सुटला.

मुकादम छत्री घेऊन बांधावरून चालला होता. तो थोडा वेळ उभा राहून बघत राहिला.

"ही जोडी म्हणायची?"

"मीठ निघतंय ना साहेब?" बाप म्हणाला.

"निघतंय तोवर म्हणू," म्हणून तो पुढे गेला.

शाळेला अभ्यासाची सुट्टी लागली होती, मास्तरीण झोपडीत. सकाळ-संध्याकाळ आई तिचे हात कोमट पाण्यात धरी, तेल चोळी, खरखरीत दगडाने घट्टे घाशी. घट्टे भिजून पांढरे पडले, कडांनी सुटले, त्यांच्या कपच्या निघाल्या. खालून गुलाबी कातडी आली. त्या कातडीला अंगावरचं कापडसुद्धा टोचे. पेन आधी बोटांतून घसरून पडे. मग अर्धं पान व्हायला लागलं, मग पान, मग दोन. आईला अक्षर दिसत नसे, पण ती कागदावर कान देऊन पेनाचा आवाज ऐके आणि म्हणे, "आज भरभर वाजतंय."

जमीन सपाट, मध्ये झाड नाही की भिंत नाही. बापाचा आवाज दिवसभर झोपडीत येई. "सरळ... डावीकडे घे..." मास्तरीण समीकरण सोडवायला घेई आणि आवाज जरा चढला की पेन थांबे. आई पडली का? आवाज पुन्हा चालू झाला की पेन चालू होई. तिला स्वतःची फार लाज वाटे. आंधळी आई उन्हात दोर ओढते आणि आपण सावलीत बसून हाताला तेल लावतो, याहून नालायकपणा तो कोणता, असं तिला वाटे. एकदा तिला राहवलं नाही, ती बांधावर गेली आणि दोराकडे हात नेला. आईला चाहूल लागली. तिने फाडकन चापट मारली, ती लेकीच्या दंडावर बसली.

"हातावर नाही मारली," आई म्हणाली. "तेवढी अक्कल आहे मला. जा घरी."

परीक्षा सुरू झाली. भाषेचे पेपर गेले, इतिहास गेला, विज्ञान गेलं. मास्तरीण घंटा होईपर्यंत लिही आणि एकही प्रश्न सोडून येत नसे. शेवटचा राहिला गणिताचा. ज्याला बाकीची मुलं भीत, त्याचीच ती वाट बघत होती.

गणिताच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. तो काही पावसाचा महिना नव्हता. सकाळी ऊन इतकं लखलखीत होतं की मुकादम खुशीत होता. वाफ्यांत मीठ पिकून आलं होतं, एक-दोन दिवसांत ओढून बांधावर ढीग घालायचे होते. आणि मग लांब कडेला एक काळी रेघ उठली, बघता बघता जाड झाली आणि वारा सुटला. तयार मिठावर पाऊस म्हणजे संपलंच. हंगामाची कमाई डोळ्यांदेखत पाणी होऊन जाते. सगळ्या वाफ्यांवर एकच धावपळ उडाली. जो तो मीठ बांधावर ओढायला लागला, बायका चटया घेऊन पळायला लागल्या. ज्याला त्याला आपापल्या जोडीदाराला हाका मारायच्या होत्या. भोंग्याचा आवाज तर आभाळालाच भिडला.

त्या सगळ्यात बापाचा आवाज आईला पोचेना.

मास्तरीण झोपडीच्या दारात उभी राहून बघत होती. आई दोर ओढत होती, नेहमीपेक्षा जोरात, कारण घाई आहे हे तिला कळत होतं. बाप ओरडत होता, "थांब! थांब! बांध आला!" पण वारा उलटा होता. आईने भोंग्याची हाक ऐकली, ती नवऱ्याची समजली, आणि तशीच रेटून बांधावर चढली. मागून फळी आली आणि बांधात घुसली. तो मातीचा बांध. पलीकडच्या तळ्यात वाफ्यांना सोडायचं पाणी साठवलेलं होतं. बांध फुटला आणि ते पाणी तयार मिठावर पसरायला लागलं. आईच्या पायांना गार लागलं तेव्हा तिला कळलं. ती जागच्या जागी खाली बसली आणि हातांनी माती चाचपून भोक बुजवायला लागली, पण भोक तिथे नव्हतं, हातभर पलीकडे होतं.

मास्तरीण धावली. बापाने आणि तिने मिळून भोकात पोतं कोंबलं, पायांनी माती ढकलली. भोंग्याची बायको येऊन आईला धरून बाजूला घेऊन गेली. मास्तरणीने दोर उचलला.

"हात लावू नकोस!" बाप ओरडला. "घरी जा!"

"मीठ जातंय बाबा."

"जाऊ दे. उद्या पेपर आहे. तू दोर धरलास तर मी दांडा टाकला बघ."

आणि त्याने खरोखरच टाकला. पावसाचे पहिले थेंब मिठावर पडून भोकं पाडत होते आणि हा माणूस रिकाम्या हातांनी उभा होता. पलीकडून भोंगा ओरडला, "अरे वेड लागलं काय तुम्हाला! ओढा की!" बाप हलला नाही.

मास्तरणीने दोराचा फास केला, दातांनी गाठ ओढली, फास डोक्यावरून घातला आणि कमरेवर आणला. मग दोन्ही हात काखांत घालून घट्ट दाबून धरले.

"हात नाही लावत. आता दाब."

दोर अंगाला बांधायचा नाही, हा मिठागरावरचा पहिला नियम. फळी अडली की हातातला दोर सोडून देता येतो, कमरेचा सोडता येत नाही. माणूस उलटा फेकला जातो. कमरेतून कायमचा गेलेला एक म्हातारा तिथल्याच झोपड्यांत पडून होता आणि लहान मुलांना त्याच्याकडे बोट दाखवून हा नियम शिकवीत. बापाला हे सगळं ठाऊक होतं. त्याने लेकीकडे बघितलं, काखांत दाबलेल्या हातांकडे बघितलं. मग वाकून दांडा उचलला.

हातांशिवाय ओढणं म्हणजे काय, ते ओढल्याशिवाय कळायचं नाही. तोल सावरता येत नाही. ती पुढे वाकली की तोंडावर जाई, फळी अडली की मागे खेचली जाई. पडताना माणूस आपसूक हात टेकतो. ती टेकत नव्हती. ती खांद्यावर पडे, गुडघ्यांवर पडे, एकदा हनुवटीवर पडली, पण हात काखांतून काढले नाहीत. फास आवळत गेला आणि दोर गणवेशाखाली घालायच्या जुन्या सदऱ्यातून पुढून-मागून आत रुतला. एक खेप, दुसरी खेप. बाप मागून काही बोलत नव्हता. सांगण्यासारखं काही नव्हतं, हिला दिसत होतं. तो दांडा दाबत होता आणि उघड उघड रडत होता. पावसात ते चालून गेलं.

सर फार मोठी नव्हती. थांबली तेव्हा निम्मं मीठ चटईखाली होतं आणि निम्मं पाणी झालं होतं.

संध्याकाळी आईने विचारलं, "मला बाजूला घेतल्यावर ओढलं कोणी?"

"भोंग्याचा मेहुणा आला होता," बाप म्हणाला.

आईने सवयीने तेलाची वाटी घेतली आणि लेकीचे हात मांडीवर ओढले. एक एक बोट चाचपून पाहिलं, तळवे पाहिले. हात जसेच्या तसे होते. तिला बरं वाटलं. "दिव्याकडे सरक जरा," म्हणून तिने लेकीच्या कमरेला हात लावला, तशी लेक किंचाळली.

आईचा हात तिथेच थांबला. मग तिने हळूहळू, कातडी कुठे आहे आणि कुठे नाही, हे बोटांनी सगळीकडून पाहून घेतलं.

"असू दे," शेवटी म्हणाली. "अंगाचं काय, अंग झाकता येतं." आणि मग तिचा बांध फुटला. "मीच घालवलं गं सगळं. मीच," म्हणत ती वाटी हातात धरून रडत राहिली. सगळं तेल सांडलं.

सकाळी मुकादम आला. त्याने फुटलेला बांध पाहिला, चटई उचलून ढीग पाहिला. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वर मालकाला तोंड द्यायचं होतं. मास्तरीण गणवेश घालून सायकलजवळ उभी होती. पोट आत ओढून, श्वास बेताने घेत.

"आंधळ्या माणसाला दोर दिला की असं होतं," मुकादम म्हणाला. "मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बरं, झालं ते झालं. पोरीची परीक्षा आज संपते ना? उद्यापासून तिला दोराला घाल. बापलेकीची जोडी चांगली आहे. वाफा तुझ्याकडेच ठेवतो, पुढच्या हंगामालाही ठेवतो."

बापाने मान डोलावली असती तर कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. सबंध आयुष्यात त्याला दुसरं काही काम येत नव्हतं. तो लेकीकडे वळला. ती लगेच म्हणाली, "धरीन बाबा. उद्यापासून धरीन."

"तिचे हात आता दोराचे राहिले नाहीत साहेब," बाप मुकादमाला म्हणाला.

"होतील की परत तयार."

"नाही करायचे."

मुकादमाने छत्री मिटली, उघडली. "मग वाफा दुसऱ्या जोडीला जाईल. मागून माझ्याकडे यायचं नाही."

"बरं," बाप म्हणाला. लेक काही बोलणार होती, तर तिच्यावर खेकसला, "उशीर होतोय ना पेपरला? बघत काय उभी राहिलीस?"

तिला सीटवर बसवत नव्हतं. सबंध वाट तिने उभ्याने सायकल मारली.

पुढे निकाल लागला आणि ती पास झाली, गणितात तर बाईंनी पुढच्या वर्गाला वाचून दाखवावेत इतके गुण पडले, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पण त्या सकाळी तिला निकाल माहीत नव्हता. एवढंच माहीत होतं की आता परत जायला वाफा नाही. घंटा झाली, प्रश्नपत्रिका आली, आणि तिने मान खाली घातली ती घातलीच. बाकाला टेकायची सोय नव्हती, म्हणून पुढे वाकून लिहीत होती. पेन भरभर चाललं होतं.

पेपर निम्म्याच्या पुढे गेला तेव्हा वर्गावरच्या पर्यवेक्षक बाई तिच्या मागे येऊन थांबल्या. दुसऱ्या शाळेतल्या होत्या, हिला ओळखत नव्हत्या. गणवेशाच्या मागच्या बाजूला, कमरेच्या खाली, ओला तांबडा डाग पसरत चालला होता. बाई कानाशी वाकल्या आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "बाळ, कपड्याला डाग लागलाय. जाऊन ये बाहेर. लाजू नकोस, मी पेपर सांभाळते."

"तसलं नाही ते," मास्तरीण म्हणाली. मान वर केली नाही. "दोराचं आहे."

"कसला दोर?"

ती पानाच्या शेवटच्या ओळीवर होती. ओळ संपवली, पान उलटून पाहिलं, जागा राहिली नव्हती. तिने हात वर केला. "पुरवणी द्या," ती म्हणाली.

बाईंनी पुरवणी आणून दिली.